मधली दहा वर्षं



दोनच मिनिटं आहेत, म्हणून एकाच बाईंबद्दल बोलते. रेणु खटोर. जन्म १९५५, उत्तर प्रदेशातलं फर्रुखाबाद. अठराव्या वर्षी लग्न झालं. नवरा अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता, यांनीही तिथेच प्रवेश घेतला. ‘नवऱ्यानं शिकू दिलं’ असं लोक कौतुकानं सांगतात. अभ्यास मात्र बाईंनीच केला! तोही इंग्रजी जेमतेम येत असताना. १९७५ला एम.ए., १९८५ला पीएच.डी. परिचयात ही दोन सालं लागोपाठ येतात, मधली दहा वर्षं दिसत नाहीत. आपल्या बॅचच्या कितीतरी जणी आज त्याच दहा वर्षांत आहेत. २००८मध्ये त्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या.

सकाळी जिनं एम.एड.च्या अर्जाचं विचारलं, तिनं जेवण झालं की माझ्याकडे यावं. लॅपटॉप आणलाय.