ओळीचें माप



वाण्याच्या दुकानांतील जुना शेर आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गांवोगांव तो निराळा. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, तेव्हां कुठें हा घोळ मिटूं लागला. आज ज्या मापाविषयीं मी बोलणार आहें, तें मात्र अद्याप त्या शेराच्याच वळणावर आहे. तें माप म्हणजे टंकलिखित ओळ.

अमेरिकेंतील डॉक्टर रोगी तपासून झाला कीं आपलें निदान तोंडीं सांगून ध्वनिमुद्रित करितो. तें ऐकून लिहून काढणाऱ्या लेखनिकांचा एक वर्ग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्याकडेहि निर्माण झाला. तिकडील संध्याकाळ ती आपली पहाट. त्यामुळें तिकडे दवाखाना पुन्हा उघडण्यापूर्वी कागद तयार. या मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा मोबदला बहुधा ओळींवर ठरतो.

आतां ओळ म्हणजे काय? सामान्यतः ६५ चिन्हांची एक ओळ धरतात. परंतु चिन्ह कशाला म्हणावें? शब्दांमधील मोकळी जागा धरावयाची काय? पानाच्या माथ्यावर यंत्रानें आपोआप छापलेलें रुग्णालयाचें नांव? एखाद्या अहवालांत मोकळ्या जागा धरून ३,२५० चिन्हें आहेत असें समजा. त्यांच्या ५० ओळी झाल्या. त्यांतील ५२० मोकळ्या जागा वगळा, उरल्या ४२. ओळीस १० सेंट दर धरला, तर पहिलें बिल ५ डॉलरांचें, दुसरें ४ डॉलर २० सेंटांचें. तिसरा कोणी पानावर दिसणारी प्रत्येक ओळ मोजतो. मग ‘अ‍ॅलर्जी नाहीं’ हे दोन शब्दहि पूर्ण ओळीचे पैसे मिळवितात.

यांतील कोणतीहि पद्धत मुळांत लबाडीची नव्हे, हें आवर्जून सांगतों. मोकळ्या जागा न धरणारा ओळीस १२ सेंट मागेल, तर बिल जवळजवळ तेंच होईल. म्हणून नुसता दर विचारून स्वस्त-महाग ठरविणारा व्यवस्थापक फसतो. लबाडी सुरू होते ती करारांत एक माप लिहून दुसऱ्यानें मोजण्यांत, अगर माप मुळींच न लिहिण्यांत. २००७ मध्यें अमेरिकेंतील आरोग्य-नोंदी सांभाळणाऱ्यांच्या व या धंद्यांतील संस्थांनीं मिळून शिफारस केली कीं, उघड्या डोळ्यांना कागदावर दिसतें तेवढेंच चिन्ह मोजावें. मोकळी जागा, ठळकपणा, अधोरेखन यांपैकीं कांहीं धरूं नये. मला ती पटते, कारण छापील कागद हातीं घेऊन शाळकरी मुलालाहि ती पडताळतां येते.

माझ्या परिचयाच्या एक बाई घरीं बसून हें काम करीत. मुलांचे डबे भरण्यापूर्वी त्यांचे तीन अहवाल झालेले असत. महिनाअखेर येणाऱ्या कागदावर ओळींचा एकच आंकडा असे, आणि त्यांच्या वहींतील आंकडा त्याहून नेहमीं मोठा. कसें मोजतां, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां ‘संगणक मोजतो’ एवढें उत्तर आलें. पुढें कळलें कीं, गिऱ्हाइकाकडून मोकळ्या जागांसह पैसे घेतले जात, आणि बाईंना त्या वगळून दिले जात. शंभरांतील सुमारें १६ ओळी अशा मधल्यामध्यें नाहींशा होत. बाईंनीं काम सोडलें नाहीं. तें परवडणारें नव्हतें. वही ठेवणें मात्र बंद केलें.

आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्रच कच्चा मजकूर उतरून घेतें व माणूस तो ऐकून दुरुस्त करितो. साहजिकच दर उतरतो. पण घाईनें बोलणाऱ्या डॉक्टरांचा मजकूर कधीं इतका बिघडून येतो कीं, तो नव्यानें लिहिणेंच सोपें. अशा अहवालास कोणता दर, हें आधींच लिहिलेलें असावें.

बिलाबरोबर प्रत्येक अहवालाचा क्रमांक, चिन्हें व ओळी यांची यादी जोडणें संगणकास जड नाहीं. रुग्णाचें नांव तींत नको, क्रमांक पुरे. आपणांपैकीं कोणाकडे अशीं बिलें येत असतील, तर पुढच्या महिन्यांत कोणतेहि दोन अहवाल काढून स्वतः मोजून पाहा. आंकडा जुळला नाहीं, तर पैसे देण्यापूर्वी विचारा. आणि लिहिणाऱ्यालाहि हीच यादी मिळते काय, हेंहि त्याच पत्रांत विचारा.