लस टोचली, पण प्रतिकारशक्ती आली का?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



बारावीनंतर दंतवैद्यकाकडे वळण्याची इच्छा असलेले बरेच विद्यार्थी आज या सभागृहात आहेत. हा व्यवसाय चांगला आहे, आणि त्यात आपल्यासाठी एक मोठा आदर्शही आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी अलीगढला शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी मिळविली, मायदेशी परतले आणि १९२० साली कलकत्त्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आपल्या देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

प्रवेशाच्या वेळी पालक फी किती, वसतिगृह कसे, पुढे दवाखाना कोठे काढावा, हे सर्व विचारतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही : "माझ्या मुलाने रुग्णाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी त्याला हिपॅटायटिस बीपासून संरक्षण मिळालेले असेल का?" आजचे माझे बोलणे या एकाच प्रश्नाबद्दल आहे.

कावीळ आपल्याला नवी नाही. कोणाला कावीळ झाली की गावात लगेच माळ घालतात, झाडपाल्याचे औषध देतात आणि माणूस बरा झाला की श्रेय त्या माळेला मिळते. खरे पाहता दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. हिपॅटायटिस बी हा आजार निराळा आहे. तो पाण्यातून किंवा अन्नातून पसरत नाही. बाधित व्यक्तीच्या रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, असा तो पसरतो. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही.

या आजाराचा मोठा धोका म्हणजे तो गुपचूप राहतो. मोठ्या माणसांपैकी निम्म्यांना, किंबहुना त्याहून अधिक जणांना, संसर्ग झाल्याचे कळतही नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. मोठ्या वयात संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहून कमी जणांच्या शरीरात विषाणू कायमचा ठाण मांडतो. तान्ह्या बाळाला संसर्ग झाला तर मात्र दहापैकी नऊ बाळांत तो कायम राहतो. पुढे वीस-तीस वर्षांनी यातूनच काहींचे यकृत निकामी होते, तर काहींना यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात असे सुमारे तीन कोटी लोक होते. त्यांतील पुष्कळांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नाही, आणि इतरांप्रमाणे त्यांचेही दात दुखतात.

आता दंतवैद्याच्या कामाकडे पाहू. तोंड ही अरुंद, अंधारी आणि ओली जागा. तिच्यात आरसा, टोकदार हत्यार, फिरणारे यंत्र आणि दोन हातांची बोटे. दाढ काढताना किंवा हिरड्यांवरील कीट खरवडताना रक्त येणारच, आणि ते लाळेत मिसळणारच. बधिर करण्याची सुई टोचून झाल्यावर पुष्कळ जण एका हातात टोपण धरून दुसऱ्या हाताने सुई त्यात घालतात, आणि नेमकी तेव्हाच ती बोटात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी असते. हात धुऊन पुढचा रुग्ण तपासला जातो आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट विसरलीही जाते. या रोगाची लक्षणे मात्र दीड ते सहा महिन्यांनी दिसतात, आणि तीही दिसली तर.

ही टाचणीएवढी जखम किती महाग पडू शकते, याचा एक ढोबळ हिशेब वैद्यकात सांगतात. रोगी माणसाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली गेली, तर एड्सच्या विषाणूचा संसर्ग होण्याचा संभव हजारात तीन, हिपॅटायटिस सीचा शंभरात दोन-तीन, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा शंभरात सुमारे तीस. एड्सला आपण सर्व घाबरतो, पण या बाबतीत हिपॅटायटिस बी त्याच्या शंभरपट धोकादायक आहे. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. नीट न धुतलेले हत्यार टेबलावर वाळले म्हणजे ते निर्धोक झाले, असे समजू नये.

जुन्या पिढीतील दंतवैद्य उघड्या हातांनीच काम करीत. हातमोजे घालण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात सार्वत्रिक झाली. १९७२ साली अमेरिकेतील दंतवैद्यांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरातील चौदांना हा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. १९९२ पर्यंत हे प्रमाण नवावर आले. ही घट दोन गोष्टींमुळे झाली : हातमोजे आणि लस.

लसीची कथाही थोडक्यात सांगतो. डॉ. बारूख ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन सापडले. ते त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. पुढे ते याच विषाणूचे आवरण असल्याचे सिद्ध झाले आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली लस अमेरिकेत १९८१ साली मंजूर झाली. ती बाधित लोकांच्या रक्तद्रवापासून बनवीत. १९८६ पासून यीस्टच्या पेशींकडून हे प्रथिन तयार करवून घेतलेली लस मिळू लागली. तिच्यात कोणाचेही रक्त नाही आणि जिवंत विषाणूही नाही. त्यामुळे लसीमुळेच कावीळ होईल ही भीती निराधार आहे. आरंभी ती फार महाग होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली देशी लस बाजारात आणली, तेव्हा ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

येथपर्यंतची माहिती पुष्कळांना असते. यापुढचा भाग नीट लक्षात घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

लस टोचणे आणि प्रतिकारशक्ती येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. लसीच्या तीन मात्रा असतात : पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. तिन्ही घेतल्यावर निरोगी तरुणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात. उरलेल्या पाच-दहा टक्क्यांत होत नाहीत. यात त्यांचा काही दोष नसतो. वय चाळीसच्या पुढे गेलेले असणे, धूम्रपान, लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी लसीचा परिणाम कमी होतो. सुई दंडाऐवजी कुल्ल्यावर टोचली तरीही तो कमी होतो. पण कित्येकदा अगदी धडधाकट मुलातही लस लागू पडत नाही, आणि ते त्याच्याकडे पाहून ओळखता येत नाही.

ते ओळखण्याचा एकच मार्ग आहे. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी करावी. तिला अँटी-एच.बी.एस. असे म्हणतात. एक मिलिलिटर रक्तद्रवात किमान १० मिली-इंटरनॅशनल युनिट इतकी प्रतिपिंडे असली, तर तो मनुष्य सुरक्षित समजावा. पुढे वर्षानुवर्षे हा आकडा खाली येत जातो, परंतु त्याने घाबरण्याचे कारण नाही. शरीराला शत्रूची ओळख राहिलेली असते, आणि विषाणू आला की प्रतिपिंडे पुन्हा वेगाने तयार होतात. एकदा दहाचा आकडा गाठल्याची नोंद असेल, तर प्रकृतीने निरोगी माणसाला पुन्हापुन्हा बूस्टर घेण्याची गरज नाही. म्हणूनच तो कागद पदवीच्या प्रमाणपत्राइतका जपून ठेवावा.

आकडा दहाच्या खाली आला तर तीन मात्रांचा क्रम पुन्हा घ्यावा आणि पुन्हा तपासणी करावी. दुसऱ्या खेपेस पुष्कळांना गुण येतो. तरीही न आल्यास आधीपासूनच संसर्ग नाही ना, हे पाहण्यासाठी एच.बी.एस.ए.जी. ही तपासणी करतात. तीही निर्दोष निघाली, तर त्या विद्यार्थ्याने आपल्याला लसीचे संरक्षण नाही हे कायम ध्यानात ठेवावे. रोगी रक्ताची सुई टोचली गेल्यास त्याला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो चोवीस तासांच्या आत आणि पुन्हा एक महिन्याने घ्यावे लागते. हे इंजेक्शन महाग असते. कोणाला ते लागेल हे आधी ठाऊक नसेल, तर ऐन वेळी धावपळ होते आणि मोलाचे तास वाया जातात.

आता जरा पंचांग मांडू. दंतवैद्यकाच्या पदवीला चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्ष उमेदवारी. पहिली दोन वर्षे मुख्यतः शरीरशास्त्र आणि कृत्रिम दातांवरील सराव यांत जातात. रुग्णांवरील प्रत्यक्ष काम तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. प्रवेश मिळताच पहिली मात्रा घेतली, तर आठव्या महिन्यात तपासणी होते. ती अनुकूल आली नाही, तरी दुसरा क्रम आणि दुसरी तपासणी रुग्णाला हात लावण्यापूर्वी आटोपते. आणि "पाहू पुढे" म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत थांबले, तर मुलगा नेमका सर्वांत अननुभवी असताना, हात थरथरत असताना, असुरक्षितपणे कामाला लागतो.

काही पालक म्हणतील, "आमच्या मुलाला लहानपणीच टोचले आहे." उत्तम. देशात ही लस २००२ पासून काही ठिकाणी आणि २०११ पासून सर्वत्र सरकारी कार्यक्रमात आली. त्यामुळे यापुढे महाविद्यालयात जाणाऱ्या अधिकाधिक मुलांना ती बाळपणीच मिळालेली असेल. परंतु त्या वेळी तपासणी झालेली नसते. अठराव्या वर्षी आकडा दहाच्या खाली आला, तर लस लागूच पडली नव्हती की लागू पडून आकडा उतरला, हे सांगता येत नाही. अशा वेळी एक मात्रा द्यावी आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे. आकडा चढला तर निश्चिंत व्हावे. न चढला तर उरलेल्या दोन मात्रा देऊन परत तपासावे.

समजा, तपासणीत एखाद्या विद्यार्थ्याला आधीपासूनच संसर्ग असल्याचे निघाले. म्हणून त्याचे शिक्षण संपले, असे मुळीच नाही. या आजारावर विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली स्पष्ट केले, की केवळ या संसर्गामुळे कोणाला वैद्यकीय वा दंतवैद्यकीय शिक्षणापासून रोखू नये. शस्त्रक्रियेसारख्या कामासाठी रक्तातील विषाणूंचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली ठेवावे, नियमित तपासणी करावी, एवढेच. म्हणून तपासणीची लाज बाळगू नये, आणि निकाल नातेवाइकांत चर्चेचा विषय करू नये. मुलीच्या बाबतीत तर हे भान अधिकच ठेवावे. वेळीच कळले तर भविष्यात तिच्या बाळालाही वाचविता येते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला लस देतात, आणि आई बाधित असेल तर त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही देतात.

दंतवैद्याइतकाच धोका आणखी एका व्यक्तीला असतो, तो म्हणजे दवाखान्यातील मदतनीस. रक्ताळलेली हत्यारे गोळा करणे, धुणे, कचरा उचलणे ही कामे आपल्याच वस्तीतील कमी शिकलेली मुले-मुली करतात. पदवीधराला लस आणि मदतनिसाला नुसता फडका, हा न्याय नव्हे. दवाखाना काढणाऱ्याने मदतनिसाच्या तीन मात्रांचा आणि तपासणीचा खर्च स्वतः उचलावा. अमेरिकेत १९९१ च्या नियमाने तो मालकावर बंधनकारकच केला आहे.

लस घेतली म्हणून सावधगिरी सोडू नये. हिपॅटायटिस सी आणि एड्स यांवर लस नाही. सुईला टोपण घालायचेच असेल, तर टोपण तबकात ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी. टोचलेच, तर जखम साबण-पाण्याने धुवावी, दाबू नये, चोखू नये आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावे. रागावतील म्हणून लपवू नये. रुग्ण या नात्यानेही आपण जागरूक असावे. प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई आणि वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली हत्यारे यांची मागणी करणे, हा आगाऊपणा नव्हे. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली ही कावीळ पसरली आणि अनेक जण दगावले, ते वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. न्हाव्याचा वस्तरा, कान टोचण्याची सुई, सुंतेचे आणि हिजामाचे पाते यांनाही हाच नियम लागू आहे.

शेवटी तीन विनंत्या. पालकांनी प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबर लसीची जुनी कार्डे शोधून ठेवावीत. विद्यार्थ्यांनी तिसऱ्या मात्रेवर न थांबता तपासणीचा आकडा हाती घ्यावा. आणि संस्थेने, आरोग्यशाखेकडे जाणाऱ्या आपल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देताना लस आणि तपासणी यांचा खर्चही तीत धरावा. चार वर्षांच्या फीपुढे ही रक्कम अगदी किरकोळ आहे, आणि तिने ज्याचे यकृत वाचेल, तो मुलगा चाळीस वर्षे समाजाच्या उपयोगी पडेल.