भावंडांचा कस



विटेकरांना कस म्हणजे काय, हे मी सांगायला नको. इथली गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, माणसं देशभरच्या सराफ पेठांत आहेत. चांदी मिसळलेलं सोनं तेजाबात टाकलं की चांदी विरघळते, सोनं तळाशी उरतं. दोघांचा स्वभाव वेगळा, म्हणून हे साधतं. पण सारख्याच स्वभावाची भावंडं एकत्र आली, तर?

जेंटामायसिनचंच बघा. १९६३ साली हे प्रतिजैविक जगापुढं आलं. कुपीवर नाव एकच, आत मात्र सी-वन, सी-वन-ए, सी-टू अशी भावंडं. हे औषध टाकीत जंतू तयार करतात, आणि जंतूंच्या हातून एकच नग पडत नाही. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं शोधलेलं बुरशीनाशक हॅमायसिनही असंच मिश्रण. ते देणाऱ्या जंतूचं नावच मुळी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’!

जेंटामायसिनच्या या भावंडांत फरक किती? एक कार्बन, दोन हायड्रोजन. फार तर त्याच्या दुप्पट. इथं तेजाब काय निवड करणार? म्हणून त्यांची शर्यत लावायची. तिचं नाव इलेक्ट्रोफोरेसिस. याच तंत्रावरच्या कामासाठी स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांना १९४८चं नोबेल मिळालं.

आजची धावपट्टी म्हणजे केसासारखी काचनळी. आतली पोकळी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. तीत आम्लधर्मी द्रावण भरायचं, थेंबाहूनही कमी औषध सोडायचं आणि दोन टोकांना वीस-तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा. धन भाराची भावंडं ऋण टोकाकडं ओढली जातात. भार सगळ्यांवर सारखाच, पण अंगानं लहान असलेलं जरा पुढं सरकतं. मिनिटागणिक अंतर वाढत जातं. पलीकडं कागदावर एकामागून एक उंचवटे उमटतात. उंचवटा केव्हा आला, यावरून भावंड ओळखायचं. तो केवढा, यावरून त्याचं प्रमाण काढायचं.

एवढा खटाटोप कशाला? जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय करू शकतं, आणि सगळी भावंडं सारखाच अपाय करतील असं नाही. म्हणून कुठलं भावंड किती असावं, याच्या मर्यादा औषधसंहितांनी घालून दिल्या आहेत.

मात्र उंचवटा एकटा काहीच सांगत नाही. कसोटीच्या दगडावर सराफ आपल्या सोन्याच्या रेघेशेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढतो ना? प्रयोगशाळेतही तेच. आधी प्रमाण ठाऊक असलेला नमुना नळीतून धावतो. मगच तुमच्या कुपीची पाळी येते.