निगा : पहिल्या पायरीवरचे काम

जुन्या इंदुरात कान्ह नदीच्या काठी छत्रीबाग नावाची वस्ती आहे. होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडी छत्र्यांवरून तिला हे नाव पडले. बाहेरगावचा पाहुणा येतो, कोरीव खांब आणि घुमट पाहतो, बांधणाऱ्यांची वाहवा करतो आणि परततो. परंतु अशी वास्तू पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, तिचे सारे श्रेय बांधणाऱ्यालाच द्यावे काय? पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी दगडाच्या सांध्यात रुजते. रोप बोटाएवढे असताना उपटले तर काम क्षणाचे असते. ते मनगटाएवढे झाले की दगड सरकू लागतो. घुमट बांधणाऱ्या गवंड्याचे नाव इतिहासात क्वचित सापडते. वेळच्या वेळी रोप उपटणाऱ्याचे तर कधीच सापडत नाही.

या न दिसणाऱ्या कामाला मराठीत एक नेमका शब्द आहे : निगा. लेकराची निगा, म्हाताऱ्या माणसाची निगा, झाडाची, विहिरीची आणि यंत्राचीही निगाच. माणूस आणि वस्तू या दोहोंना एकच शब्द लावण्यात आपल्या पूर्वजांनी मोठे शहाणपण दाखविले आहे. आज अल्पशिक्षित तरुण-तरुणींना ज्या दोन व्यवसायांत प्रथम पाऊल ठेवता येते, ते दोन्ही या निगेचेच आहेत. एक आजारी व वृद्ध माणसांच्या शुश्रूषेचा. दुसरा सूर्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेचा.

पहिल्याचा विचार प्रथम करू. १९११ किंवा १९५१ साली अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ सून, लेक, नातू असे कोणी ना कोणी असे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक भरली. आयुष्य वाढले, कुटुंबे लहान झाली. इंदूरच्या मराठी घरांतूनही मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली आणि वाड्यात वा सदनिकेत दोघेच, पुष्कळदा एकटेच, मागे उरले. मग ‘ब्यूरोतून बाई लावली’ हे वाक्य घरोघर ऐकू येऊ लागले. ही बाई कोण, ती काय शिकली आहे, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, यात शिकायचे ते काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत घातक आहे. पडून असलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. ती न बदलल्यास माकडहाडापाशी आणि टाचांपाशी कातडी लाल होते आणि पुढे तिथे जखम चिघळते. भरवताना डोके उंच नसेल तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मधुमेही माणसाची नखे कापताना झालेली लहानशी इजा पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. आणि माणसाला उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे, हे जिला कोणी सांगितले नाही, ती मदतनीस स्वतःचीच पाठ गमावून बसते. यापलीकडे एक शिक्षण आणखी अवघड आहे. आयुष्यभर मानाने वावरलेल्या गृहस्थाला परक्या हातून अंग पुसून घेताना जो संकोच होतो, तो जाणून त्याची लाज राखणे, हे पुस्तकात सापडणारे ज्ञान नव्हे.

शुश्रूषेला शिक्षण लागते, हा विचार मराठी समाजाला नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. त्या संस्थेने ससून रुग्णालयात मुली परिचारिकेचे काम शिकण्यास पाठविल्या, तेव्हा परक्याची शुश्रूषा करणे हे कुलीन घरातील स्त्रीला कमीपणाचे मानले जात होते. त्या मुलींनी लोकापवाद सोसला म्हणून पुढील काळात परिचारिका या शब्दाला मान मिळाला. ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट दरवर्षी गुरुवारच्या उपासनेत आठवली जाते. त्या काळी पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे काम होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचा अर्थ उमगतो.

आता दुसऱ्या व्यवसायाकडे वळू. सौरऊर्जा ही कालपरवाची नवलाई आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तिलाही वारसा आहे, आणि तो आपल्या जवळचाच आहे. १८७८ साली मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून वाफेचे यंत्र चालवून दाखविले. त्याने आठ आरशांची एक चूलही केली होती. तिच्यावर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजत असे. पुढे १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार करून ती बाजारातही आणविली. दोन्ही शोध पक्के होते. दोन्ही रुजले नाहीत. किंमत, स्वस्त इंधन, उन्हात उभे राहण्याचा त्रास, अशी कारणे सांगितली जातात आणि ती खरी आहेत. परंतु आणखी एक गोष्ट नजरेत भरते. यंत्र घडविणारे होते. त्याची रोजची निगा राखणारी, ते बिघडल्यास दुरुस्त करणारी माणसे गावोगाव तयार झाली नव्हती.

ही उणीव इंदूरनेच एका ठिकाणी भरून काढली. १९८५ साली बहाई पंथीयांच्या पुढाकाराने येथे ग्रामीण स्त्रियांसाठी ‘बरली’ संस्था सुरू झाली. भिलांच्या घराच्या मधल्या आधारखांबाला बरली म्हणतात. घर त्यावर उभे असते. जनक पलटा आणि त्यांचे पती जिमी मॅक्‌गिलिगन यांनी या संस्थेत पुष्कळ वर्षे काम केले. झाबुआसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या, बहुधा शाळेत न गेलेल्या मुली येथे राहून अक्षरओळख, शिवणकाम, शेती आणि आरोग्याची काळजी शिकत. झाबुआतील ३०२ गावांतून नारूचे निर्मूलन करण्यास हातभार लावल्याबद्दल १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने संस्थेला ‘ग्लोबल ५००’ सन्मान दिला. पाणी गाळून प्यावे हे घरोघर सांगणे, हीसुद्धा शरीराची निगाच होय.

त्याच आवारात मोठे सौर परावर्तक बसले आणि वसतिगृहाचा स्वयंपाक सूर्यावर होऊ लागला. हे परावर्तक वुल्फगांग शेफलर या संशोधकाने योजिलेल्या पद्धतीचे आहेत. लहान लहान आरशांची ही बशी घड्याळासारख्या यंत्रणेने सूर्यामागे फिरते आणि सारे ऊन एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरातील चुलीच्या जागी, टाकते. त्यामुळे स्वयंपाक करणारीला उन्हात उभे राहावे लागत नाही. मात्र ऋतू पालटतो तसा बशीचा कल बदलावा लागतो, आरसे पुसावे लागतात, निखळलेला तुकडा बसवावा लागतो. जिने कालपर्यंत डोक्यावरून लाकडाची मोळी वाहिली, तीच मुलगी हे काम शिकते. याच पद्धतीच्या ७३ परावर्तकांवर शिर्डीच्या साईसंस्थानाचे वाफेचे स्वयंपाकघर २००९ साली सुरू झाले. जिमी मॅक्‌गिलिगन २०११ मध्ये निवर्तले; जनक पलटा यांनी इंदूरनजीकच्या सनावदिया गावी हेच काम पुढे चालविले आणि २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हापासून या क्षेत्राचा पसारा फार वाढला आहे. इंदूरला पाणी येते ते नर्मदेचे. सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूद येथून ते उपसून चढवावे लागते आणि त्याच्या विजेचा खर्च महापालिकेला जड जातो. म्हणून तेथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि सामान्य नागरिकांनीही ते घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसविण्याची योजना जाहीर केली. या छपरांवर चढणार कोण? दहावीनंतर तांत्रिक शिक्षण घेतलेल्या मुलांसाठी २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ नावाचा ६०० तासांचा वर्ग चालविला गेला. परंतु अनेक गच्च्यांवर आज जो मुलगा बादली आणि फडके घेऊन चढतो, त्याला कोणत्याही वर्गाचे नाव ठाऊक नसते. पट्टीवर प्रकाश पडत असेतोवर तिच्यात वीज असते, घरातले बटण बंद केल्याने ती नाहीशी होत नाही. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतले तर काच तडकू शकते. उतरत्या पत्र्यावर कमरेला दोर असल्याशिवाय पाऊल ठेवू नये. या गोष्टी त्याला सांगितल्या नाहीत तर त्याचा जीव जाऊ शकतो.

तेव्हा प्रश्न नोकऱ्या आहेत की नाहीत एवढाच नाही. पायरी म्हटली की तिच्यावर दुसरी पायरी असावी लागते. जिच्यापुढे काही नाही तो ओटा होय. शुश्रूषा करणारी मुलगी दहा वर्षांनी त्याच पगारावर, त्याच अनिश्चित वेळेत राबत असेल आणि गच्चीवरचा मुलगा तेव्हाही बादलीच वाहत असेल, तर त्यांना आपण काम दिले, पण पायरी दिली नाही.

यावर उपाय नाही असे नाही. इटलीतील तुरीन शहरात डॉन बॉस्को या धर्मगुरूने १८५१-५२ च्या सुमारास अनाथ, गरीब मुलांना कारागिरांकडे कामाला ठेवताना मुद्रांकित कागदावर करार करून घेतले. मालकाने मुलाला धंदा शिकवावा, चुकल्यास शब्दांनी समजवावे, अन्य मार्गाने नव्हे. त्याच्या धंद्याबाहेरचे काम सांगू नये. रविवार मोकळा द्यावा. आणि कसब वाढेल तसे वेतन वाढवावे, अशी त्यातील कलमे होती. भारतात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला; तो कारखान्यांना आणि आस्थापनांना लागू आहे. घराच्या उंबरठ्याआड मात्र कायद्याचा हात सहज पोचत नाही. तेथे घरमालकाची सद्‌सद्विवेकबुद्धीच कामी येते.

निवृत्तिवेतनावर जगणारे जोडपे म्हणेल, आमच्याने अधिक पगार कसा द्यावा? ही अडचण खोटी नाही आणि ती एकट्या घराने सुटणारीही नाही. शासनाने व समाजाने तिचा भार उचलला पाहिजे. तथापि डॉन बॉस्कोच्या कलमांपैकी निम्म्या कलमांना पैसा लागत नाही. कामाचे तास ठरवून द्यावेत. आठवड्याची सुटी सुटीच असू द्यावी. आजोबांच्या शुश्रूषेसाठी आलेल्या मुलीला घरची धुणीभांडी सांगू नयेत. तिला नावाने हाक मारावी. डॉक्टर घरी आले म्हणजे तिलाही खोलीत थांबवून घ्यावे, कारण रात्री रोग्याचा श्वास कसा चालला होता हे तिच्याएवढे कोणालाच ठाऊक नसते. ऐकता ऐकता ती शिकेल. काम सोडताना तिला काय काय येते याचे चार ओळींचे पत्र द्यावे. गच्चीवर कोणाला चढविण्यापूर्वी दोर आहे की नाही हे घरधन्याने स्वतः पाहावे.

छत्रीबागेतील दगडांना ज्यांनी आकार दिला त्यांचे वंशज आज काय करीत असतील, कोणास ठाऊक. त्यांचे कसब टिकले ते बापाने लेकाच्या हातात छिन्नी देऊन ती कशी धरावी हे दाखविले म्हणून. वृद्धाला कुशीवर वळविण्याचे आणि आरशाला सूर्याकडे वळविण्याचे कसबही तसेच, एका हातातून दुसऱ्या हातात जावयाचे आहे. ते देणारे हात सन्मानाने वागविले गेले, तरच घेणारे हात पुढे येतील.