बाईंच्या पेनातलं रबर

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या कामाबद्दल बोल" असं सांगितलंय. मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यावर दहा मिनिटं बोलले तर जेवणाआधीच निम्मा हॉल झोपेल. म्हणून मी रविवारी जे करते त्याबद्दल बोलते. जुन्या शाईच्या पेनांतली रबरी नळी बदलते.

पाचवीत आपल्या हातात आलेली शाईची पेनं आठवा. ड्रॉपरने भरायची, पोटात थेट शाई, सांडली की खडूने टिपायची. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. पण आपल्या आजोबांच्या पिढीच्या खिशाला जी विलायती पेनं असत, शेफर, स्वान, एस्टरब्रुक, त्यांतल्या बऱ्याच पेनांच्या अंगाला एक बारीक खटका असायचा. आत रबराची छोटी पिशवी, तिच्यावर धातूची पट्टी. खटका उचलला की पट्टी पिशवी दाबते आणि हवा बाहेर जाते. निब शाईत बुडवून खटका मिटला की पिशवी फुगते आणि शाई वर ओढली जाते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसन गावी वॉल्टर शेफर नावाचा जवाहिऱ्या होता, त्याने १९०८ साली या खटक्याचं पेटंट घेतलं. मला ही रचना फार आवडते. कुठे मोटर नाही, झडप नाही, फक्त रबराला आपल्या मूळ आकारात परत यायची ओढ.

ती ओढच एक दिवस संपते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबर हळूहळू खराब होतं. कधी पापडासारखं कडक होतं, कधी गुळासारखं चिकट. मग घरातले म्हणतात, पेन गेलं. पेन गेलेलं नसतं. निब बऱ्याचदा सोन्याची असते, तिला काही झालेलं नसतं. शेफरवाले निबवर चक्क 'लाइफटाइम' असं कोरायचे. रबराबद्दल त्यांनी असं काही कोरलेलं मी तरी पाहिलं नाही.

आपल्या मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगते. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांचं एक शेफर आहे, हिरव्या-काळ्या पट्ट्यांचं, अंगावर वडिलांचं नाव कोरलेलं. खटका अडकलेला. एका दुकानात त्यांना सांगितलं, "आतलं सगळं काढून बॉलपेनची रिफिल बसवून देतो." बाई पेन घेऊन परत आल्या. मागच्या दिवाळीत त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "नाही निघालं तर तसंच परत आण. पण फोडू नकोस."

फुटण्याची भीती खरी होती. असा खटका जोर लावून कधीही उचलू नका. मागे दगड झालेली पिशवी असते, ती हलत नाही, मग खटका तरी मोडतो नाहीतर खाचेपाशी पेनाला तडा जातो. तसं दुसरं पेन शोधून त्याचा भाग बसवता येतो, पण त्याच्यावर बाईंच्या वडिलांचं नाव कुठून आणायचं?

निब बसवलेला पुढचा काळा भाग पेनाच्या पोटातून ओढून काढायचा असतो. त्यासाठी ऊब लागते, आणि इथेच लोक घात करतात. हे पेन सेल्युलॉइडचं आहे. म्हणजे जुन्या सिनेमांची रिळं ज्याची असत तोच पदार्थ. भडकन पेटतो. मेणबत्ती, गॅस, लायटर, काहीही जवळ आणायचं नाही. गरम पाण्यातही बुडवायचं नाही, काळं एबोनाइट त्याने तपकिरी पडतं. मी केस वाळवायचं ड्रायर कमी उष्णतेवर ठेवते, पेन फिरवत राहते आणि माझ्या बोटांना सोसेल तेवढंच तापवते. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पकडीला घेऊन हलका पीळ. पक्कड नाही म्हणजे नाही.

पहिल्या संध्याकाळी पेन ढिम्म हललं नाही. दुसऱ्याही नाही. नवऱ्याने विचारलं, थोडा जोर लावून बघू का? मी पेन कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिसऱ्या संध्याकाळी, ड्रायरच्या पाचव्या की सहाव्या फेरीला, तो भाग केसभर फिरला. त्यानंतर अर्धा तास लागला, पण निघाला. आतून रबराचे काळे कपचे पडले. चिमट्याने पट्टीच्या मागचेसुद्धा वेचून काढायचे, एक जरी राहिला तरी नव्या पिशवीला बोचतो.

नव्या पिशव्या आजही मिळतात. त्यांचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टांश. १६ नंबर म्हणजे पाव इंच, साधारण ६.३५ मिलिमीटर. पुढच्या भागाला मागे जी बोंडी असते ती मोजायची आणि तिच्यावर घट्ट बसेल ती पिशवी घ्यायची. लांबी अशी कापायची की पेनाच्या तळाशी थोडी जागा उरेल. नाहीतर पिशवी आत दुमडते आणि शाई अर्धीच भरते.

चिकटवायला लाख. फर्निचरला पॉलिश करणारे स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच, पण दाट. बोंडीवर पातळ थर द्यायचा, पिशवी चढवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. सुपरग्लू का नाही, असं मला हमखास विचारतात. सुपरग्लू पक्का बसतो हाच त्याचा दोष. ही पिशवीही काही वर्षांनी जाणार आहे. तेव्हा लाख थोड्या उबेने सुटेल, सुपरग्लू लावला असेल तर बोंडीच मोडेल. आमच्या धंद्यातही जो भाग हमखास बदलावा लागणार तो सहज सुटेल असा ठेवायचा असं आम्ही शिकतो, आणि मग बॅटरी चिकटवून टाकलेले लॅपटॉप विकत घेतो. असो.

पेन बंद करण्याआधी निब पाण्यात धरून पिशवी बोटांनी दाबून पाहिली. पाणी भरलं, गळलं नाही. तिला बिनवासाची टाल्क पावडर चोळली, म्हणजे ती आत घासत नाही. निबचं तोंड खटक्याच्या रेषेत आणून भाग परत दाबून बसवला, तिथे काहीही न चिकटवता.

बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी स्वतः शाई भरली, खटका मिटल्यावर मी सांगितल्याप्रमाणे दहा आकडे मोजले, वहीच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, खाली वडिलांचं नाव लिहिलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाई फिकी आहे गं." दुसऱ्या दिवशी मी रॉयल ब्लू बदलून ब्लू-ब्लॅक नेऊन दिली.

एक सांगायचं राहिलं. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई या पेनांत कधी भरू नका. तिच्यात बहुधा लाखच असते, ती जिभेच्या खाचांत वाळून बसते.

जेवणानंतर मी मागच्या टेबलापाशी आहे. ड्रायर, पिशव्या आणि लाख आणली आहे. कुणी आजोबांचं पेन आणलं असेल तर घेऊन या. आज फक्त तपासून सांगेन, उघडायला दोन-तीन संध्याकाळी लागतात. आणि येताना वाटेत खटका उचलून बघू नका.