दोन जिवांचे ताट
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



घरातल्या सुनेला दिवस गेले की वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडचे वाक्य ठरलेले असते, "आता तू दोन जिवांची, दोघांचे खा." त्यामागे माया असते. पण तिला मधुमेह आहे असे कळले, की तेच घर दुसरे टोक गाठते. भात बंद, फळ बंद, रात्रीचे जेवणही बंद! ही दोन्ही टोके वाईट, एवढेच मला आज सांगायचे आहे. मधुमेही गर्भिणीचे वजन वाढलेच पाहिजे. मात्र ते बेताने वाढले पाहिजे.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण तिचे इन्सुलिन जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जादा इन्सुलिन करू लागते आणि बाळावर चरबी चढते. कोपनहेगनच्या डॉ. पेडरसन यांनी ही उपपत्ती १९५२ साली मांडली. चार किलोचे मूल पाहून आपण कौतुकाने दृष्ट काढतो. पण बाळंतपणात त्याचाच खांदा अडतो, आणि जन्मल्यावर काही तासांतच त्याची साखर एकाएकी उतरू शकते. आईचे वजन फाजील वाढले, तर हा धोका आणखी वाढतो.

मग किती वाढावे? वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. दीड मीटर उंचीची, ५० किलोची स्त्री घेतली तर आकडा सुमारे २२ येतो. अमेरिकेतील वैद्यकसंस्थेच्या २००९ सालच्या कोष्टकाप्रमाणे तिचे वजन नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढावे. तीच स्त्री आधीच ६५ किलोची असेल तर ७ ते ११.५, आणि ७० किलोची असेल तर ५ ते ९ किलो पुरे. मधुमेहासाठी त्यात निराळे कोष्टक नाही. आपल्याकडे बांधा लहान असतो, म्हणून आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडाच अखेरचा मानावा.

पहिल्या तीन महिन्यांत किलो-दोन किलोंपेक्षा जास्त वाढ लागत नाही. पुढेही रोज सुमारे ३५० उष्मांकच जादा लागतात. म्हणजे एखादी भाकरी आणि वाटीभर उसळ, दुसरे ताट नव्हे! डोहाळजेवण जरूर करा. पण जिलबी, श्रीखंड, केळी एकाच पंगतीत वाढू नका. तीन जेवणे आणि मधली दोन-तीन छोटी खाणी असा क्रम ठेवा. जेवणानंतर थोडे चालणे डॉक्टरांची मनाई नसल्यास उत्तम.

आता उपासाविषयी. इन्सुलिन टोचून उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते, घाम सुटतो, शुद्धही हरपते. आणि साबुदाण्याच्या खिचडीने ती भराभर चढते. तेव्हा संकष्टी, एकादशी त्या वर्षापुरत्या सासूबाईंनी आपल्याकडे घ्याव्यात! वजन वाढते म्हणून इन्सुलिन मनाने कमी करणे तर मुळीच नको. शेवटच्या महिन्यांत त्याची गरज बहुधा वाढतेच. आठवड्याभरात वजन एकाएकी चढले, तोंडा-हातांवर सूज आली, तर तो रक्तदाबाचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ज्यांना मधुमेह नाही, त्यांनीही गाफील राहू नये. सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येक गर्भिणीला पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात. १४० किंवा अधिक आल्यास तो गर्भारपणातला मधुमेह समजतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. बारशाच्या गडबडीत ती राहून जाते.

भगिनींनो, सुनेच्या ताटात काय पडते ते पुष्कळदा आपल्याच हाती असते. तिच्या हातावर आणखी एक डिंकाचा लाडू ठेवण्यापूर्वी तिच्या वजनाचा आणि साखरेचा कागद एकदा पाहा.