रॉन पॉल यांचे स्वातंत्र्य : आकर्षण आणि उणीव



सरकारचा हात जितका आखूड, तितका मनुष्य अधिक स्वतंत्र, असे एक मत आज जगात मोठ्या हिरिरीने मांडले जात आहे. ते आपल्या शिकलेल्या मुलामुलींच्याही कानी पडते. या मताची पारख करावयाची, तर ज्याने ते प्रामाणिकपणे आचरले अशा मनुष्याच्या चरित्रावरून करावी. दांभिक मनुष्य घेतल्यास दोष मताचा की मनुष्याचा, हे कळत नाही. म्हणून आज मी अमेरिकेतील डॉ. रॉन पॉल यांच्याविषयी बोलणार आहे.

डॉ. पॉल यांचा जन्म १९३५ सालचा. ते व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ. टेक्सास राज्यातून ते अनेक वेळा प्रतिनिधिगृहावर निवडून गेले आणि २०१३ साली तेथून निवृत्त झाले. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला. १९८८ साली लिबर्टेरियन पार्टीचे उमेदवार म्हणून त्यांना सुमारे ४ लाख ३२ हजार मते पडली. हे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही कमी होते. २००८ व २०१२ साली त्यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. ती मिळाली नाही. तरीही हजारो तरुण या वृद्ध डॉक्टरांच्या मागे धावले. १६ डिसेंबर २००७ या एका दिवसात लोकांनी त्यांच्या प्रचारासाठी सुमारे ६० लक्ष डॉलर जमा केले, आणि तेही बहुतेक लहानलहान देणग्यांतून.

हे आकर्षण फुकाचे नव्हते. २००१ साली नागरिकांवर पाळत ठेवण्याचे अधिकार वाढविणारा पेट्रियट कायदा आला, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या अवघ्या तीन प्रतिनिधींनी त्याविरुद्ध मत दिले, त्यांत डॉ. पॉल होते. २००२ साली इराकवरील युद्धास संमती मागण्यात आली, तेव्हा प्रतिनिधिगृहातील त्यांच्या पक्षाचे सहाच सभासद विरुद्ध गेले. त्यांतही ते होते. मादक पदार्थांविषयीच्या कायद्यांखाली काळ्या लोकांनाच अधिक कठोर शिक्षा होतात, ही गोष्ट त्यांनी आपल्याच पक्षाच्या व्यासपीठावरून उघड सांगितली. प्रतिनिधींना मिळणारे निवृत्तिवेतन त्यांनी नाकारले. जे बोलले तेच त्यांनी मतदानात केले. असा मनुष्य राजकारणात विरळा, आणि त्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. खाणावळ, हॉटेल, नाटकगृह अशा ठिकाणी वंश, वर्ण अथवा धर्म पाहून कोणासही मज्जाव करावयाचा नाही, असे त्याने ठरविले. २००४ साली या कायद्यास ४० वर्षे झाली म्हणून प्रतिनिधिगृहात गौरवाचा ठराव आला. बाजूने ४१४ मते पडली आणि विरुद्ध एक. ते एक मत डॉ. पॉल यांचे होते.

त्यांचे म्हणणे नीट समजून घ्या. वर्णभेदाची सक्ती करणारे राज्यांचे कायदे रद्द व्हावेत, हे त्यांना मान्य होते. त्यांचा आक्षेप असा की, खाजगी दुकान ही मालकाची मालमत्ता. तेथे कोणास घ्यावे आणि कोणास नाही, हे सरकारने सांगू नये. सरकारची सक्ती गेली की लोक आपोआप एकमेकांशी नीट वागतील, असा त्यांचा विश्वास.

या विश्वासाची कसोटी अनुभवाने लागते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ कंपनीच्या दुकानात गेले. त्यांनी किरकोळ वस्तू घेतल्या. दुकानाने पैसे घेतले. मग ते त्याच दुकानातील खाण्याच्या टेबलाशी बसले, तेव्हा त्यांना काही वाढण्यात आले नाही. काळ्यांचा पैसा चालत होता, काळ्यांचे बसणे चालत नव्हते! कंपनीचे धोरण स्थानिक रूढीप्रमाणे वागण्याचे होते. येथे दार अडवून उभी होती ती रूढी, आणि रूढीला कोणी मतपेटीतून खाली खेचू शकत नाही.

१९६४ सालीच अटलांटा शहरातील २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. काळ्या प्रवाशांना खोली देण्याची सक्ती म्हणजे आपल्यावर लादलेली गुलामगिरी होय, असाही युक्तिवाद त्याने केला. गुलामांच्या मुक्ततेसाठी घटनेत जी दुरुस्ती झाली होती, तिचाच आधार त्याने घेतला! न्यायालयाने एकमताने त्याचे म्हणणे फेटाळले. बंधूंनो, ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कोणाच्या तोंडी आहे हे न पाहता त्याला टाळ्या दिल्या, तर काय अनर्थ होतो, हे यावरून ध्यानी यावे.

हा प्रश्न आपणांस परका नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या वापरास जातीच्या कारणाने कोणासही अटकाव होऊ नये, असे भारतीय संविधानाचे कलम १५ सांगते. १९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. सरकारने हात काढून घेतला म्हणजे जे स्वातंत्र्य उरते, ते जमीनदारास खंड वाढविण्याचे आणि मालकास मजुरी घटविण्याचे स्वातंत्र्य असते.

डॉ. पॉल यांची दुसरी उणीव जबाबदारीची. १९९० च्या सुमारास त्यांच्या नावाने निघणाऱ्या वार्तापत्रांत काळ्या लोकांविषयी द्वेषाचा मजकूर छापला गेला. तो आपण लिहिला नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आणि नैतिक जबाबदारी घेतली. परंतु १९९६ सालच्या निवडणुकीत हा प्रश्न निघाला असता त्यांनी असे सांगितले नव्हते. स्वतःच्या नावाचा कागद जो तपासत नाही, त्याला दुर्बलांनी आपले हित निर्धास्तपणे कसे सोपवावे?

तिसरी गोष्ट दयेची. २०११ साली एका वादसभेत त्यांना विचारण्यात आले की, विमा नसलेला तरुण अत्यवस्थ झाला तर काय करावे? आपली जोखीम आपण घेणे हेच स्वातंत्र्य, असे ते म्हणाले. आणि पूर्वी इस्पितळे, शेजारी व चर्च अशा माणसांची काळजी घेत, असेही सांगितले. ते स्वतः दयाळू वैद्य असतील. परंतु दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मागणाऱ्याच्या हाती असतो. ज्यांच्या कित्येक पिढ्या इतरांच्या मर्जीवर जगल्या, त्यांना हा भेद शिकवावा लागत नाही.

सरकारही जुलूम करू शकते. युद्ध आणि तुरुंग यांविषयी डॉ. पॉल यांनी दिलेला इशारा खरा आहे आणि तो आपण घ्यावा. मात्र कोणीही उमेदवार स्वातंत्र्य देतो म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारा : हे स्वातंत्र्य कोणापासून? आणि माझा शेजारी, माझा मालक, माझा दुकानदार मला अडवील, तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉ. पॉल यांच्यापाशी उत्तम होते. दुसऱ्याचे उत्तर त्यांनी २००४ साली त्या एका मताने दिले.